वळिवड्याचे निर्वासित आणि इंग्रजी नाम

कोल्हापूरहून मिरजेच्या दिशेने रेल्वेने निघाले म्हणजे थोड्याच वेळात वळिवडे हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या आसपासची वस्ती आज गांधीनगर या नावाने, कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखली जाते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ती नावारूपास आणली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्याही आधी त्याच जागेवर दुसरे निर्वासित राहून गेले होते. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, पंचगंगेच्या या परिसरात ओळीने बांधलेल्या बैठ्या बराकींतून राहत होते.

हे लोक आले कोठून? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंड गिळंकृत केला. वोलिन, तार्नोपोल, स्तानिस्वावूफ, ल्वूफ हे आणि त्यांच्या उत्तरेकडचे प्रांत सोव्हिएत अमलाखाली गेले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार खेपांमध्ये तेथील शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, सैनिकांची कुटुंबे अशा लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ च्या कराराने या बंदींना मोकळीक मिळाली, सेनापती आंडर्स यांनी त्यांच्यातून फौज उभी केली आणि १९४२ मध्ये सैनिक व नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. त्यांच्यापैकी अनेक जण १९४४ मध्ये इटलीतील मोन्ते कास्सिनोच्या डोंगरावर पडले. मागे राहिलेल्या बायकामुलांची पांगापांग आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान येथे झाली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना दिलेला आसरा सर्वांस ठाऊक आहे. पण हिंदुस्थानातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत आपल्या वळिवड्याचीच.

तेथे चर्च होते, इस्पितळ होते, रंगमंच होता, बालवर्गापासून माध्यमिक वर्गापर्यंत शाळा होत्या. बालवीरांची पथकेही होती. त्यांच्या प्रमुखांपैकी एक झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे कातिनच्या हत्याकांडातून बचावलेले तरुण अधिकारी होते. १९५४ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे कातिनमधील मृतांच्या कुटुंबांचे धर्मगुरू म्हणून ते ख्यातकीर्त झाले. शाळांचे माध्यम पोलिश, अभ्यासक्रम लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारचा. मध्यपूर्वेतील पोलिश सैन्याने जेरुसलेममध्ये आपल्या मुलांसाठी क्रमिक पुस्तके छापविली, यावरून या लोकांची शिक्षणाविषयीची आस्था कळून येते. घर गेले, गाव गेले, तरी मुलाचा धडा चुकता कामा नये, असा तो बाणा होता.

या वसाहतीविषयी अलीकडे बरेच लिहिले गेले आहे. आम्हांस येथे एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. या माणसांना इंग्रजी शिकावी लागली. सुरुवातीला ती एक शालेय विषय म्हणून होती; काही मुलांना पाचगणीसारख्या ठिकाणच्या कॉन्व्हेंट शाळांत पाठविले गेले, त्यांना ती अधिक जवळून भेटली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकविली तेव्हा मात्र इंग्रजी ही निवडीची बाब उरली नाही. ज्या गावी परतावयाचे ते गावच दुसऱ्या राज्यात गेले होते. वळिवड्याची पुष्कळ माणसे अखेरीस इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका या देशांत स्थायिक झाली. ज्या भाषेत आता अर्ज भरावयाचे, नोकरी मागावयाची आणि नातवंडांशी बोलावयाचे, तिच्या नामांपाशीच त्यांची पहिली ठेच लागत असली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वसाहतीची भाषा पोलिश होती हे खरे. परंतु वोलिन, ल्वूफ, तार्नोपोल हे प्रांत आज युक्रेन देशात आहेत, आणि तेव्हाही तेथील खेड्यापाड्यांतील बहुसंख्य शेजारी युक्रेनियन बोलणारे होते: वोलिनमध्ये बहुधा ऑर्थोडॉक्स, ल्वूफकडे रोमशी ऐक्य राखणारे ग्रीक कॅथलिक. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या मुलाला जशी मराठीबरोबर कन्नड कानावर पडूनच येते, तशीच त्या सीमाप्रांतातील पोलिश मुलांना युक्रेनियन येत असे. नामाच्या बाबतीत या दोन्ही भगिनी भाषांची घडण जवळजवळ सारखीच आहे. म्हणून येथून पुढे आम्ही दाखले मुख्यतः युक्रेनियन भाषेचे घेत आहोत. आजचे कारणही आहेच: फेब्रुवारी २०२२ पासून त्याच भूमीतील लक्षावधी माणसे पुन्हा घराबाहेर पडली आहेत आणि ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा येथे त्याच इंग्रजी नामाशी झगडत आहेत.

त्यांची पहिली अडचण 'द' आणि 'अ' या दोन चिमुकल्या शब्दांची. युक्रेनियन भाषेत उपपदे नाहीत. मराठीतही नाहीत. मग ऐकणाऱ्याला ओळखीचा मुलगा आणि कोणी एक अनोळखी मुलगा यांतला भेद या भाषा दाखवितात कसा? शब्दांच्या क्रमाने. 'मुलगा खोलीत आला' म्हटले की तो आधी बोलण्यात येऊन गेलेला मुलगा. 'खोलीत एक मुलगा आला' म्हटले की नवाच कोणी. युक्रेनियन माणूस नेमके हेच करतो: ओळखीचे नाम वाक्याच्या आरंभी ठेवतो, नवे नाम शेवटाकडे ढकलतो. इंग्रजीने शब्दक्रम कर्ता आणि कर्म ओळखण्याच्या कामी जुंपल्यामुळे तो या दुसऱ्या कामासाठी मोकळा राहिला नाही. ते काम तिने उपपदांवर सोपविले. शिकणाऱ्याला हे कोणी सांगितले नाही तर तो उपपद ही निव्वळ सजावट समजतो आणि गाळून टाकतो. आपल्याकडचे इंग्रजी बोलणारेही तेच करतात, नाहीतर नको तेथे 'द' लावून भरपाई करतात.

दुसरी अडचण लिंगाची. युक्रेनियनमध्ये मेज पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी. मराठीत पलंग पुल्लिंगी, खिडकी स्त्रीलिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी. वाटणी निराळी, पण प्रत्येक निर्जीव वस्तूला लिंग असलेच पाहिजे हा हट्ट एकच. आपण 'मूल', 'पोर' ही नामे नपुंसकलिंगी मानतो, कोल्हापूरकडे 'पोरगं' म्हणतो. युक्रेनियनमध्येही लहान मुलीसाठी 'दीव्चा' असा नपुंसकलिंगी शब्द आहे. अशा माणसाने इंग्रजीत पुस्तकाला 'शी' म्हटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. त्याच्या मनात ते पुस्तक स्त्रीलिंगीच आहे.

येथे कोल्हापूरपुरती एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. पोलिश आणि युक्रेनियन भाषांत भूतकाळी क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, जसे मराठीत 'आलो' आणि 'आले'. पण कोल्हापूर भागात स्त्रियाही सर्रास 'मी आलो', 'मी जातो' असे म्हणतात. वळिवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांची बोली ऐकून मराठी उचलणाऱ्या पोलिश बाईला आपल्या व्याकरणाच्या मानाने ते चक्रावून टाकणारेच वाटले असेल.

तिसरी गोष्ट विभक्तीची, आणि येथे आमच्या मते खरे रहस्य आहे. युक्रेनियनमध्ये नामाला सात विभक्ती आहेत. त्यांपैकी कर्माच्या विभक्तीचा एक नियम मराठी वाचकाने लक्ष देऊन पाहावा. 'मी मेज पाहतो' यातील मेज, म्हणजे 'स्तील', मूळ रूपातच राहते. 'मी भावाला पाहतो' यातील भाऊ, 'ब्रात', मात्र बदलतो आणि 'ब्राता' होतो. पुल्लिंगी कर्म निर्जीव असेल तर प्रत्यय नाही, सजीव असेल तर आहे. आपण काय करतो? 'मी पलंग पाहतो', पण 'मी भावाला पाहतो'. 'भाऊ पाहतो' म्हटले तर भाऊच पाहणारा ठरेल. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच अडचणीवर एकच तोडगा काढला आहे. इंग्रजीला पलंग आणि भाऊ दोन्ही सारखेच. क्रियापदापुढे ठेवला की झाले.

मालकी दाखविण्याची रीतही अशीच. आपण 'भावाचा पलंग, भावाची वही, भावाचे घर' म्हणतो. 'चा-ची-चे' हे मालकाकडे पाहत नाहीत, मालमत्तेकडे पाहतात. युक्रेनियनमध्ये 'ब्रातीव', 'ब्रातोवा', 'ब्रातोवे' अशी तीन रूपे नेमक्या त्याच न्यायाने होतात. हे साम्य काही योगायोगाचे, काही रक्ताचे. 'ब्रात' म्हणजे भ्राता, 'माती' म्हणजे माता, 'द्वेरी' म्हणजे द्वार, 'द्वा' आणि 'त्री' यांना तर भाषांतराचीही गरज नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या एका कुळाविषयी जे सांगितले, त्या कुळात स्लाव भाषाही आल्या आणि इंग्रजीही आली. आल्फ्रेड राजाच्या काळच्या, म्हणजे नवव्या शतकातील, इंग्रजीत तीन लिंगे होती, विभक्ती होत्या, सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी होता. पुढच्या चारपाचशे वर्षांत हे सारे झिजून गेले. 'द' हा शब्द मुळात 'तो-ती-ते' अशा दर्शक सर्वनामाचाच झिजलेला अवशेष आहे आणि 'अ' हा 'एक' या अर्थाच्या शब्दाचा. म्हणजे ज्याला आपण परके व्याकरण म्हणतो, ते आपल्याच घराण्यातील एका शाखेने जुने दागिने मोडून केलेले नवे नाणे आहे.

अनेकवचनाची कहाणी थोडक्यात सांगतो. युक्रेनियनमध्ये दोन, तीन, चार मेजे 'स्तोली', पण पाच झाली की 'स्तोलीव', म्हणजे षष्ठीचे अनेकवचन. आणि एकवीस झाली की पुन्हा एकवचन! एवढे सांभाळणाऱ्याला इंग्रजी अनेकवचन म्हणजे मुलांचा खेळ वाटावा. तरी तो अडतो, कारण पैसा त्याच्याकडे 'ह्रोशी' असा अनेकवचनीच, जसे आपले 'पैसे'. बातम्या आणि सल्ले तो आपल्यासारखेच मोजतो. इंग्रजीत मनी, न्यूज, ॲडव्हाइस मोजता येत नाहीत. 'ॲडव्हायसेस' आणि 'फर्निचर्स' ही रूपे आपल्याकडच्या कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारात आजही दिसतात.

आता प्रश्न असा की अशा विद्यार्थ्याला इंग्रजी नाम शिकवावे कसे? आपल्याकडे या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. मूळचे इंग्रज असलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. ख्रिस्तपुराणामुळे ते आपल्या वाचकांना परिचित आहेतच. पण त्यांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले, जे त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले. लॅटिनच्या साच्यात वाढलेल्या माणसाने आपल्या नामाकडे तेथे पाहिले. कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला निघाले, दादोबा पांडुरंग यांचे १८३६ मध्ये. पुढे त्याच तर्खडकर घराण्याच्या नावाने 'भाषांतर पाठमाला' प्रसिद्ध झाली आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या तिच्यावर इंग्रजी शिकल्या. आज तिला घोकंपट्टी म्हणून नाके मुरडली जातात. आम्हांस ते पटत नाही. पाठमालेचे बळ असे की ती विद्यार्थ्याच्या मराठीपासून निघत असे. त्याच्या 'ने', 'ला', 'चा' या प्रत्ययांना इंग्रजीत काय उत्तर आहे, हे ती दाखवी. विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही, स्वतःचे पुरते बांधलेले व्याकरण घेऊन येतो, हे तिने ओळखले होते.

वळिवड्याच्या मुलांच्या वाट्याला आलेली इंग्रजी, निदान कॉन्व्हेंट शाळांतील, इंग्रजीभाषक मुलांसाठी रचलेल्या अभ्यासक्रमाची होती. तिने त्या मुलांना कोठे भाषा येते आणि कोठे येत नाही एवढेच सांगितले असेल. का येत नाही हे त्यांना सांगणारे पुस्तक दोन्ही भाषांचे नाम जाणणाऱ्यानेच लिहावयास हवे होते. आणि त्या काळी कोल्हापुरात, पाठमाला तोंडपाठ असलेला कोणीही मराठी शाळामास्तर त्यांची अडचण इंग्रज शिक्षकापेक्षा लवकर ओळखू शकला असता. उपपदे त्यालाही नव्हती, लिंगे त्यालाही तीन होती, सजीव कर्माला प्रत्यय तोही लावीत होता. वसाहतीतली बाई आणि तिला दूध घालणारा गवळी हे दोघे इंग्रजी नामापुढे एकाच बाजूला उभे होते, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

संबोधनाविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे. पोलिश आणि युक्रेनियन या दोन्ही भाषांनी हाक मारण्याचे रूप जपले आहे. युक्रेनियनमध्ये भाऊ 'ब्रात', पण हाक 'ब्राते'. आई 'मामा', पण हाक 'मामो'. पिता 'ओतेत्स', आणि प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेच्या आरंभी 'ओत्चे', जसे आपले 'पित्या'. 'मारीया' या नावाची हाक 'मारीये' अशी होते. आपल्या जुन्या प्रार्थनांतून रुळलेले 'मरिये' हे रूप ज्यांच्या कानांत आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. सीतेची हाक 'सीते', मरियेची 'मरिये', आणि नीपर नदीकाठची 'मारीये'. इंग्रजीत 'मेरी' ती 'मेरी'च. तिच्याविषयी बोला वा तिला हाक मारा.

मराठी व्याकरणकारांत संबोधन ही स्वतंत्र विभक्ती मानावी, की प्रथमेचाच प्रकार, यावर वाद झाले. ते विद्वानांचे वाद होते. युक्रेनमध्ये या प्रश्नाला निराळे वळण लागले. रशियनमध्ये संबोधनाची विभक्ती जवळजवळ लोपलेली आहे. १९३३ मध्ये सोव्हिएत राजवटीने युक्रेनियन शुद्धलेखनाची फेररचना करून ती रशियनच्या जवळ आणली, वर्णमालेतून 'ग' ध्वनीचे स्वतंत्र अक्षर काढून टाकले. आणि पुढे शालेय व्याकरणांत संबोधनाला विभक्तीचा मान न देता नुसते 'हाकेचे रूप' म्हणण्याचा प्रघात पडला. विभक्ती सहाच, रशियनइतक्याच! ते अक्षर आणि ती सातवी विभक्ती १९९० मध्ये परत आली. आया मधल्या काळातही मुलांना हाका मारीतच होत्या, म्हणून परत आणण्यासारखे काही उरले होते. याआधीही, १८६३ आणि १८७६ मध्ये, झारशाहीने युक्रेनियन छपाईवर हुकूम काढून बंधने घातली होती. ज्या भाषेला असे सोसावे लागले तिच्या माणसाला विभक्ती म्हणजे परीक्षेपुरती बाब वाटत नाही.

इंग्रजी उपपदाचेही तसेच. पूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत या देशाचे नाव 'द युक्रेन' असे छापले जाई. इंग्रजीत देशाच्या साध्या नावापुढे सहसा 'द' येत नाही. प्रदेश, पर्वतरांगा, नद्यांपुढे येतो. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर युक्रेनियन लोकांनी त्या 'द'ला हरकत घेतली आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी हळूहळू तो सोडला. ज्यांच्या भाषेत उपपदच नाही, त्यांनी परभाषेतील एका उपपदाचा अर्थ इतका बिनचूक ओळखावा, हे आम्हांस विलक्षण वाटते. मराठी माणसाला यातील मर्म समजावे. आपण 'कोकणात' म्हणतो पण 'देशावर' आणि 'घाटावर' म्हणतो. 'महाराष्ट्रावर राहतो' असे कोणी म्हणाले तर? स्लाव भाषांतही हा भेद आहे: युक्रेन'वर' म्हणावे की युक्रेन'मध्ये', यावर गेली तीस वर्षे तेथे वाद चालू आहे आणि युक्रेनियन लोकांनी 'मध्ये'चाच आग्रह धरला आहे.

१९४८ मध्ये वळिवड्याची वसाहत रिकामी झाली. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात तिचे स्मारक उभे राहिले, २०१७ मध्ये वॉर्सात, आणि २०१९ मध्ये प्रत्यक्ष वळिवड्यात. बराकींत वाढलेली मुले आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांपैकी पुष्कळांचे आयुष्य इंग्रजीत गेले.

याच काळात उलट दिशेचा धडाही गिरविला गेला. २०२२ पूर्वी आपल्याकडची हजारो मुले वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनला जात. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही पुष्कळ होती. वर्गातील शिकवणे इंग्रजीत असे, पण रुग्णालयातील म्हातारी इंग्रजी बोलत नसे. तेव्हा या मुलांना पहिल्या वर्षापासून तेथील भाषेचे पाठ घ्यावे लागत: लिंगे तीन, विभक्ती सात, सजीवाला वेगळा प्रत्यय. युद्ध सुरू झाल्यावर सरकारच्या विमानांनी ती मुले परत आली. त्यांच्यापैकी कोणी भेटला तर वाचकांनी त्याला 'ब्रात' आणि 'ब्राते' यांतला फरक विचारून पाहावा.